पागा, गवत आणि उंदीर : शिवकालीन छावणीतील अश्वसंगोपनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात घोडा सर्वत्र आहे. परंतु तो बहुधा धावताना दिसतो. गनिमी कावा, लांब पल्ल्याच्या दौडी, मुलूखगिरी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. दौडीवर नसताना हा घोडा कोठे बांधला जाई, काय खाई, त्याच्या अंगावरील गोचीड कोण काढी, त्याच्या पाठीला जखम झाली तर काय करीत, याविषयी मात्र लष्करी इतिहासाची पाने फारशी बोलत नाहीत. वस्तुतः घोडा वर्षातील मोठा काळ बांधलेला असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करणारे लष्कर ज्येष्ठाच्या तोंडाशी परत फिरत असे आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढीत असे. या चार महिन्यांत घोडी जगली आणि सावरली तरच पुढील आठ महिन्यांची मोहीम शक्य होती. प्रस्तुत निबंधात शिवकालीन पागेची व्यवस्था, विशेषतः चाऱ्याची बेगमी, कीटक व उंदीर यांचा उपद्रव, आग आणि स्वाराची सुरक्षितता या अंगांनी तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

पागा आणि तिची माणसे

मराठ्यांच्या घोडदळाचे बारगीर आणि शिलेदार असे दोन भाग होते, हे सर्वपरिचित आहे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी ती नेमणूक होती. अभ्यासकांनी या रचनेतील हवालदार, जुमलेदार, हजारी ही अधिकाराची उतरंड नेहमी तपशिलाने मांडली आहे. पखालजी आणि नालबंद यांचा उल्लेख मात्र ओघात येतो आणि ओघातच जातो.

तो तसा जाऊ देणे योग्य नाही. घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात व श्रमानंतर त्याहून अधिक. पंचवीस घोड्यांसाठी हे पाणी पखालीने वाहून आणणे हे एका माणसाचे पूर्ण दिवसाचे काम होते. घोड्याचे खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासणे आणि नाल पुन्हा बसविणे आवश्यक ठरते. पंचवीस घोड्यांची शंभर खुरे या हिशेबाने एका नालबंदाच्या हाताखालून सतत जात असली पाहिजेत. सह्याद्रीच्या दगडी वाटांवर झिजलेले किंवा सैल झालेले नाल म्हणजे लंगडा घोडा आणि लंगडा घोडा म्हणजे मागे राहिलेला स्वार. पंचवीसचा आकडा केवळ लष्करी शिस्तीतून आला नसावा. एक नालबंद व एक पखालजी किती जनावरे सांभाळू शकतात, हा व्यवहारही त्यामागे असावा असे मानण्यास जागा आहे.

याखेरीज खरारा करणारे, दाणा भिजविणारे, लीद काढणारे मोतद्दार होते आणि शिंगरांना व आडमुठ्या घोड्यांना वळण लावणारे चाबूकस्वार होते. घोड्याच्या आजारावर इलाज करणाऱ्यास सलोत्री म्हणत. हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आलेला आहे. दख्खनला या शास्त्राची ग्रंथपरंपरा अपरिचित नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अश्वांची लक्षणे, त्यांचे शिक्षण व अश्वक्रीडा यांचा विचार आहे. नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु ग्रंथ संस्कृतात आणि खरारा मोतद्दाराच्या हातात, ही दरी कायम राहिली. पागेचे बहुतांश ज्ञान लिहिले गेले नाही, ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले. म्हणूनच पागेच्या रोजच्या कामाविषयी बोलणारा एखादा समकालीन कागद सापडतो तेव्हा त्याचे मोल वाढते.

चिपळूणच्या छावणीचे पत्र

असा एक कागद उपलब्ध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी, वैशाखाच्या दिवसांत, शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यातील छावणीतल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना पाठविलेले हे पत्र होय. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या आशयाच्या संदर्भात ते वारंवार उद्धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पत्राचा विषय मुळात घोडी हा आहे. रयत त्यात येते ती घोड्यांच्या चाऱ्याच्या वाटेने.

पत्रातील परिस्थिती अशी : चिपळूणला लष्कराचा मुक्काम लांबला, त्यामुळे दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेली पागेची तरतूद बरीचशी खर्च झाली. आसपासच्या मुलखाचेही गवत आणि इतर जिन्नस संपले. वैशाखाचे वीस दिवस अजून जायचे होते आणि तेवढे दिवस पागेला अधिक पोसणे भाग होते. कारकुनांकडून आणि गडोगडींहून धान्य देववून कशीबशी बेगमी करण्यात आली. यापुढे पत्राचा सूर बदलतो. मनाला येईल तसा दाणा मागाल, आहे तोवर चाराल, आणि पडत्या पावसात काही मिळेनासे झाले की घोडी उपाशी मरतील. ती तुम्हीच मारली असे होईल, असा स्पष्ट इशारा महाराज देतात. मग लोक कुणब्यांच्या घरी शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, आणि मोगलांपेक्षा तुमचाच जाच अधिक असे रयत म्हणेल.

या इशाऱ्यामागील गणित समजून घेणे आवश्यक आहे. घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो. दख्खनी तट्टाचे वजन तीनशे किलो धरले तर ही गरज सहा किलोची होते. केवळ उदाहरणादाखल एक हजार घोडी आणि पावसाळ्याचे एकशे वीस दिवस धरल्यास हा साठा सातशे वीस टन होतो. दाण्याच्या रूपाने त्यातील काही भाग कमी झाला तरी गवताचे प्रचंड ढीग पावसापूर्वी कापून, वाळवून, रचून ठेवणे अपरिहार्य होते. कोकणात पाऊस सुरू झाल्यावर गवत उगवते खरे, परंतु ते ओले असते, वाळत नाही आणि साठवले तर कुजते. भातशेतीच्या या मुलखात हरभरा बाहेरून आणावा लागतो. कुळीथ पिकतो, पण तो कुणब्याच्या पोटासाठीही लागतो. घोड्याचा तोबरा आणि कुणब्याचे कणगे यांतील अंतर पावसाळ्यात फार थोडे उरत असे.

दाण्याविषयी पत्रात आणखी एक सूचना आहे व ती अश्वसंगोपनाच्या दृष्टीने अतिशय अर्थपूर्ण आहे. कारकून देतील त्या बेताने रोजच्या रोज दाणा घ्यावा, उपास पडू देऊ नये, म्हणजे घोडी हळूहळू तवान होतील, असे महाराज बजावतात. याकडे केवळ काटकसरीची ताकीद म्हणून पाहिले जाते. परंतु घोड्याचे जठर त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे असते. त्याला थोडे थोडे आणि नियमित खाणे मानवते. मोहिमेत खंगलेल्या घोड्यापुढे एकदम भरपूर दाणा टाकला तर पोटशूळ होतो, खुरांच्या आतील भागाला सूज येते आणि जनावर कायमचे निकामी होऊ शकते. म्हणजेच ‘आहे तोवर चारणे’ हे दोन्हीकडून घातक होते : दाणा असेपर्यंत अतिभोजनाने आणि संपल्यावर उपासाने. पत्र लिहिविणाऱ्याला घोड्याच्या पोटाची ही जाण होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

आग, उंदीर आणि धूर

पत्राचा उत्तरार्ध आगीविषयी आहे. पागेचे लोक जागोजागी राहतील. कोणी आगट्या पेटवतील, कोणी भलत्याच जागी चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील. जवळ गवत आहे किंवा वारा सुटला आहे हे ध्यानात घेणार नाहीत. एका खणाला आग लागली की सारे खण जळतील, गवताच्या एका ढिगावर ठिणगी पडली की सगळे ढीग जातील. त्यानंतर कुणब्यांच्या माना मारल्या काय किंवा कारकुनांना धाक घातला काय, नवा खण उभारण्यासाठी एक लाकूडही मिळणार नाही. सतराव्या शतकातील राज्यकर्त्याने बळजबरीची मर्यादा इतक्या रोखठोकपणे सांगावी, हे विशेष आहे. म्हणून मुख्य मंडळींनी स्वतः सतत फिरत राहावे, अशी आज्ञा आहे. त्यात रात्री घरात जळत ठेवलेल्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, याचीही दक्षता घ्यावयास सांगितले आहे.

उंदराचा हा उल्लेख वाचून अनेकांना कौतुक वाटते. एका राजाची दृष्टी किती बारीक, असे म्हटले जाते. त्यात अतिशयोक्ती नाही, परंतु उंदीर तेथे का होता हेही विचारले पाहिजे. जेथे दाणा तेथे उंदीर. तेलात भिजलेली वात हे त्याचे खाद्यच. शाकारलेले छप्पर, गवताचे ढीग, सांडलेला दाणा आणि तेलाचा दिवा एका जागी आले की वात पळविणारा उंदीर ही कल्पना राहत नाही. तो नित्याचा धोका होतो. याच परंपरेतील पुढील दुवा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे, १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’. गडावरील धान्याच्या कोठारांना आग, उंदीर, किडा, मुंगी व वाळवी यांचा उपद्रव होऊ नये अशा रीतीने ती बांधावीत, जमीन दगडाची करावी, असा विचार त्यात आहे. केरकचरा इतस्ततः न टाकता जाळावा आणि ती राख परसात भाजीपाल्याला घालावी, हेही सांगितले आहे. गडावर दगडी गच्ची करता येत होती. छावणी हंगामी असे, तेथे गवत आणि लाकूड यांवरच भागवावे लागे. जे गडावर बांधकामाने साधले, ते छावणीत माणसांच्या पहाऱ्याने साधावे लागले.

आगट्यांचा प्रश्न थोडा अधिक विचार मागतो. स्वयंपाकाच्या चुली आणि तंबाखूचा विस्तव यांचा पत्रात वेगळा उल्लेख आहे. मग वैशाखाच्या उकाड्यात आगट्या कशासाठी? पुढे पावसात ऊब मिळविणे आणि भिजलेले कपडे वाळविणे हे कारण संभवते. परंतु दुसरेही एक कारण नजरेआड करता येत नाही. गुरांच्या गोठ्यात संध्याकाळी शेणी किंवा कडुनिंबाचा पाला पेटवून धुरी करण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात आजही आढळते. डास, गोमाश्या आणि चिलटे यांना हटविण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. पत्रात माश्यांचा शब्द नाही, त्यामुळे हा केवळ तर्क आहे. तो मान्य केल्यास मोतद्दाराची अडचण स्पष्ट होते : माशी हाकलावयाची तर धूर हवा, आणि धूर करावयाचा तर गवताशेजारी विस्तव हवा.

माशीचा त्रास किरकोळ नव्हता. गोमाशीचा चावा अत्यंत वेदनादायक असतो. बांधलेला घोडा पाय आपटतो, दोर तोडतो, शेजारच्या जनावरावर लाथा झाडतो. घोडमाशीची एक जात घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर अंडी चिकटविते. घोडा ती चाटतो आणि अळ्या त्याच्या जठरात जाऊन वाढतात. गोचीड कानात, आयाळीखाली व शेपटीच्या मुळाशी दडते. या सर्वांवरील उपाय एकच होता, खरारा. रोजचा खरारा हा घोडा चमकावा म्हणून नसून त्याचे अंग बोटाबोटाने तपासले जावे म्हणून आहे. खरारा करणाऱ्या मोतद्दाराला गाठ, सूज, जखम, चिकटलेली अंडी ही सर्वांत आधी कळत. या अर्थाने पागेतील पहिला वैद्य तोच होता.

माशीतून येणारा खरा घातक आजार मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. येणारा-जाणारा ताप, पोटाखाली व पायांवर सूज, खाऊनही खंगत जाणे, आणि अखेर मृत्यू, अशी लक्षणे असलेला ‘सर्रा’ हा रोग पावसाळ्यात व त्यानंतर बळावतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने पंजाबातील डेरा इस्माईलखान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात या रोगाचा सूक्ष्म परजीवी पाहिला. गोमाश्या तो एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतात, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनात पुण्याचाही वाटा आहे. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांचा घोड्यांतील सर्रा रोगावरील अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी ती प्रयोगशाळा कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. शिवकालीन छावणीत सर्रा होता की नाही हे सांगता येणार नाही. परंतु शेकडो घोडी एका जागी, चिखल आणि माश्यांच्या मोसमात, चार महिने एकमेकांलगत बांधलेली असणे ही अशा रोगाला अनुकूल स्थिती होती. ज्या व्यवस्थेने चाऱ्याचा प्रश्न सोडविला, तिनेच रोगाची वाट सोपी केली असण्याची शक्यता आहे.

खोगीर, तंग आणि गोम

स्वाराच्या सुरक्षिततेबाबत तुलनेने थोडक्यात पाहता येईल. ‘घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये’ ही म्हण पागेतील पहिला धडा सांगते. घोडा पुढून आगाडीने आणि मागच्या पायांना पिछाडीने बांधण्याची पद्धत मुख्यतः लाथेपासून संरक्षणासाठी होती. ओल्या दोराने पायाला काच बसून जखमा होत, ही तिची दुसरी बाजू.

मराठी स्वाराचे खोगीर हलके, कापूस किंवा लोकर भरलेले असे. त्यातील भरण गोळा झाले की घोड्याची पाठ लागे. ‘खोगीरभरती’ हा शब्द आज निरर्थक भरणा या अर्थाने वापरला जातो. पागेत मात्र ती भरती चुकली तर घोडा महिनाभर निकामी होई. तंग सैल राहिला तर खोगीर फिरून स्वार पोटाखाली जाई. घाट उतरताना खोगीर मानेवर सरकू नये म्हणून शेपटीखालून दुमची घालीत. १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोडा कोसळून, खोगिराचा पुढील भाग छातीत रुतल्याने कुतुबुद्दीन ऐबक मरण पावला. सुलतानालाही जे टळले नाही, ते साध्या बारगिराला किती वेळा सोसावे लागले असेल याची नोंद कोठेही नाही.

घोडा खरेदी करताना केसांचे भोवरे पाहण्याची रीत होती व आजही सारंगखेड्याच्या बाजारात ती टिकून आहे. ‘देवमण’ शुभ, तर काही भोवरे धन्याचा घात करणारे मानले जात. केसांच्या उलट्या रेघेला ‘गोम’ म्हणत. ‘खरी गोम’ हा वाक्प्रचार तिच्याशी जोडला जातो. आधुनिक दृष्टीने हा भ्रमच होय. मात्र गोम पाहण्याच्या निमित्ताने गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरत असे, त्याच्या अंगावरून हात फिरवीत असे आणि तो लाथ मारतो की चावतो हे त्याला कळत असे. तेवढा उपयोग नाकारण्याचे कारण नाही.

घोडा मेला तर

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल : घोडा मेल्यास हानी कोणाची? बारगिराचा घोडा सरकारचा होता, म्हणून त्याच्या निगेची जबाबदारी सरकार पत्रे लिहून, कारकून नेमून, कोठारे भरून पार पाडीत होते. शिलेदाराचा घोडा हीच त्याची मालमत्ता आणि तीच त्याची चाकरी. तो मेला तर शिलेदार पायउतार होई, हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. शिलेदार आपला घोडा धोक्यात घालण्यास कचरतो, असे निरीक्षण लष्करी इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. त्याला भ्याडपणा म्हणण्यापूर्वी त्याच्या घरचा हिशेब पाहावयास हवा. पेशवाईत पागांच्या तुलनेत शिलेदारी व सरंजामी फौजांचे प्रमाण वाढले, तेव्हा घोड्याची निगा ही राज्याच्या तजविजीकडून ज्याच्या त्याच्या ऐपतीकडे सरकली. १७६० च्या अखेरीस पानिपतावर रसद तुटली आणि दाणा-वैरणीवाचून जनावरे मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी रणात उतरलेल्या घोडदळाची घोडी त्या उपासातून आलेली होती. पराभवाची कारणे अनेक आहेत. परंतु चिपळूणच्या पत्रातील इशारा तेथे शब्दशः खरा ठरला.

ब्रिटिश काळात पशुवैद्यक संस्थाबद्ध झाले. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८९९ मध्ये ग्लँडर्स आणि फार्सी या रोगांविषयीचा कायदा आला व रोगी जनावर नष्ट करण्याचा अधिकार शासनाला मिळाला. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे कायद्यामागील हेतू निर्विवाद होता. २००६ मध्ये महाराष्ट्रात ग्लँडर्सचा प्रादुर्भाव पुन्हा आढळला. त्या वेळी ज्यांच्या पदरी एक-दोनच घोडी होती, अशा टांगेवाल्यांना आणि पर्यटनस्थळांवरील घोडेवाल्यांना रक्ततपासणीचा निकाल म्हणजे रोजीरोटीचा निकाल होता. भरपाई मिळेल याची खात्री नसेल तर मालक आजारी घोडा दाखवीत नाही, हे रोगनियंत्रण करणाऱ्यांना ठाऊक असते. ग्लँडर्ससाठी २०१९ मध्ये तयार झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात अशा मालकांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद करण्यात आली.